हिरवा पट्टा

प्रवक्तीनं आठवडाभर काय बोलायचं, याचा कागद सुवर्चलाला दर सोमवारी मोबाइलवर यायचा. कागदावर तीन मुद्दे असायचे. त्या सोमवारचे असे होते: समुद्र आपली आई आहे; यंदा आपल्या किनाऱ्यावर दोनशे चौदा कासवं मरून पडली; चला, प्लास्टिकला नाही म्हणू या. तळाशी बारीक अक्षरात एक सूचना असायची, ती मात्र कधीच बदलायची नाही. 'ट्रॉलर' हा शब्द वापरू नये, 'मानवी हस्तक्षेप' म्हणावं.

तिन्हींपैकी फक्त दुसऱ्या मुद्द्यात काही माहिती होती, आणि ती सुवर्चलानं स्वतः चालून, वाकून, नाकाला ओढणी बांधून गोळा केली होती. बाकीचे दोन मुद्दे नीलतीरम संस्थेच्या वातानुकूलित खोलीत तयार झाले होते. वास न येता जेवढं सुचतं तेवढंच त्यांत होतं.

सुवर्चला गनगल्ला विशाखपट्टणमच्या उत्तरेला कोंडरायिपालेम या मच्छीमारांच्या वस्तीत वाढलेली, समुद्री जीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ती संस्थेकडे गेली होती ते मेलेल्या कासवांची शिस्तीत मोजणी करायचा बेत घेऊन. संस्थेचे अध्यक्ष पद्मनाभम गारू यांनी बेत वाचला नाही, तिच्याकडे पाहिलं.

"तू मच्छीमारांच्या जालारी समाजाची ना? आणि शिकलेली! अगं, अशीच मुलगी आम्ही शोधत होतो. तू आमची प्रवक्ती हो. मोजणीचं काय, ती होईलच."

असा सौदा ठरला. तोंड संस्थेला, मोजणी हिला. हॉटेलात दोन दिवस शिकवणी झाली. हैदराबादहून आलेल्या गुरूंनी शिकवलं की प्रश्न कुठलाही असो, उत्तर आपल्या तीन मुद्द्यांवरच आणून सोडायचं.

"नाव विचारलं तरी?" तिनं विचारलं होतं.

गुरूंनी तिच्या नावापुढे 'अतिशय उत्साही' असा शेरा मारला.

मोजणी मात्र खरी होती. नदीच्या मुखापासून तांबड्या टेकडीपर्यंत अकरा किलोमीटर वाळू. आठवड्यातले तीन दिवस सुवर्चला आणि वस्तीतला म्हातारा येल्लाजी पहाटे चालायचे, उरलेले दिवस कॉलेजची मुलं. कासव दिसलं की कवचाची लांबी फितीनं मोजायची, नर की मादी बघायचं, कवचाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला किती खवले आहेत ते मोजायचं, जखमा लिहायच्या, किती कुजलंय ते लिहायचं. आणि शेवटी कवचावर आडवा हिरवा पट्टा ओढायचा. रंग होडीला लावतात तोच. पट्टा असला की ते कासव मोजलेलं, पुन्हा मोजायचं नाही. साऱ्या मोजणीचा जीव त्या पट्ट्यात होता.

चार कासवं तिनं परवानगी काढून फाडूनही पाहिली होती. पोटात खेकड्यांचे तुकडे, नुकतंच जेवल्यासारखे. श्वासनळीत फेस. प्लास्टिकचा तुकडा एकातही नाही. कासव हवेत श्वास घेतं. जाळं तीन-तीन तास ओढत राहिलं की आत अडकलेलं कासव बुडून मरतं. यांत्रिक बोटींनी, म्हणजे ट्रॉलरनी, किनाऱ्यापासून आठ किलोमीटरच्या आत जाळं ओढायचं नाही असा नियम आहे. आणि फेब्रुवारीत संध्याकाळी वस्तीतल्या कुणाच्याही ओट्यावर बसलं तर त्या बोटींचे दिवे हातानं मोजता येतील एवढे जवळ दिसायचे. सुवर्चलाला एवढंच हवं होतं, की अंडी घालायचा हंगाम संपेपर्यंत हे दिवे आठ किलोमीटरच्या पलीकडे जावेत. त्यासाठीच ती निळा टीशर्ट घालून समुद्राला आई म्हणत होती. गस्तीची एक बोट होती म्हणे. ती कायम दुरुस्तीला असायची.

प्लास्टिक संस्थेला का आवडतं, हे तिला लवकरच कळलं होतं. प्लास्टिकची संघटना नसते. प्लास्टिक चिडून फोन करत नाही.

रविवारी ती वहीतले आकडे संगणकात भरत होती. एकशे एकतीस क्रमांकाची मादी, लांबी एकाहत्तर पूर्णांक चार सेंटीमीटर, खवले डावीकडे आठ, उजवीकडे सहा. आठ-सहा ही जोडी क्वचितच दिसते, म्हणून तिच्या लक्षात राहिली. सत्तावीस कासवांनंतर तीच मादी पुन्हा आली. तीच लांबी, तेच खवले, उजव्या वल्ह्यासारख्या पायाला तीच जुनी खूण. फक्त कुजणं वाढलेलं.

तिनं सगळी यादी लांबीनुसार लावली. अकरा जोड्या निघाल्या.

ती उठली आणि तडक येल्लाजीकडे गेली. म्हातारा ओट्यावर जाळं सांधत होता.

"ताता, पट्टा मारलेलं कासव पुन्हा कोरं कसं होतं?"

"रॉकेल लावून," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "रॉकेल आणि गोणपाट. वर वाळूनं घासायचं. चांगलं चकचकीत होतं."

"कुणी घासली?"

"मी. आणि कोण घासणार, तुझे पद्मनाभम गारू? तीन वेळा टीव्हीवाले आले. संस्थेची ती बाई म्हणाली, हिरवा रंग कॅमेऱ्यात घाण दिसतो, लोकांना रडू येत नाही. चार घासली, मग चार, मग तीन. मला वाटलं तूच सांगितलंयस."

"मी असं कशाला सांगीन?"

"तू टीव्हीत जाते ना. टीव्हीत गेलेली माणसं काय सांगतील काय नेम." त्यानं गाठ दातानं ओढली. "मेलेल्यांना अंघोळ घातली, आता बाराव्याचं जेवणही घाला म्हणावं."

म्हणजे धुतलेली कासवं तशीच वाळूत पडून राहिली, दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मुलांना कोरी सापडली, त्यांनी इमानदारीनं मोजून पुन्हा पट्टा मारला. चूक मुलांची नव्हती. चूक कासवांचीही नव्हती, जरी ती दोनदा मेल्यासारखी नोंदली गेली होती. दोनशे चौदा नव्हे, दोनशे तीन.

पद्मनाभम गारूंनी हे मुगाचा पेसरट्टू खात खात ऐकलं.

"बस. तू पण घे. हे बघ, दोनशे तीन म्हणजे काय कमी मेलीत?"

"नाही. पण दोनशे चौदा नाही मेलेली."

"सुवर्चला, आकडा ही लोकांच्या भावनेची गोष्ट असते. दोनशे चौदा आता पोस्टरवर आहे."

"पोस्टर खोटं आहे मग."

"खोटं नाही गं. ढोबळ आहे." त्यांनी आल्याची चटणी पुढे सरकवली. "उद्या सकाळी आठला थेट चर्चा आहे, समोर बोट मालकांचा कोंडबाबू. तीन मुद्दे बोल आणि ये. टीव्हीवर कोणी मोजत बसत नाही."

तिला त्या क्षणी त्यांचा रागही आला नाही. राग यायला समोरच्यात काहीतरी असावं लागतं. अकरा किलोमीटर एकदाही न चाललेला हा माणूस वर्षभर कासवांसाठी हळवा होत होता, आणि त्याला हळवं व्हायला कासवाची गरज पडत नव्हती, धुतलेला फोटो पुरत होता.

घरी येताना तिनं विचार केला तो कोंडबाबूचा. टीव्हीवर कोणी मोजत नसेल, पण बर्री कोंडबाबू मोजतो. सहा ट्रॉलरांचा मालक, संघटनेचा प्रवक्ता, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. दोनशे चौदातलं एक कासव जरी खोटं ठरलं तरी तो बाकीची सगळी जिवंत करून दाखवेल. मग गस्तीचं नाव कोण काढणार? जिल्हाधिकारी कचेरीत तिच्या वहीची नक्कल ज्या फायलीत लागली होती, ती फाइल बंद व्हायला एक धुतलेलं कासव पुरे होतं.

सकाळी आठची चर्चा म्हणजे आंध्रातल्या घराघरांत इडलीसोबत वाढलेलं भांडण. निवेदक बसल्या बसल्याच ओरडत होता. कोंडबाबू तिच्या समोर होता आणि त्याच्या मांडीवर खाकी पाकीट होतं. ते तो सारखं चाचपत होता. सुवर्चलानं ते पाहिलं.

"सांगा मॅडम," निवेदक गरजला, "दोनशे चौदा कासवांचा खुनी कोण?"

"दोनशे तीन," ती म्हणाली.

"काय?"

"आकडा दोनशे तीन आहे. आमच्या संस्थेनं चित्रीकरणासाठी अकरा कासवांवरचा मोजणीचा रंग रॉकेलनं धुतला. ती पुन्हा मोजली गेली. कोणती अकरा, ती यादी माझ्याकडे आहे. वाचू?"

निवेदकाचा चेहरा जेवणावळीत लाडू दिसल्यासारखा फुलला. पडद्याखाली लाल पट्टी धावली: संस्थेची कबुली, आकडा खोटा. कोंडबाबूनं घाईघाईनं पाकीट फाडून फोटो बाहेर काढले. येल्लाजी गोणपाटानं कासव घासतोय, बाजूला संस्थेची बाई छत्री धरून उभी. पण वरात निघून गेल्यावर वाजलेल्या फटाक्याकडे कोण बघतं? तेच तर ती आता म्हणाली होती.

"मी म्हणतोच होतो!" तो ओरडला. "यांचा एकही आकडा खरा नाही! मेली असतील दहा-वीस, तीही प्लास्टिकनं!"

सुवर्चलाला हसू आलं. तिच्या कागदावरचा तिसरा मुद्दा शेवटी बोट मालकच बोलले होते.

"कोंडबाबू गारू, माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "तुमचा माणूस पाठवा. मत्स्य खात्याचा माणूस येऊ दे. तिघं मिळून चालू. रंगाचा ब्रश तुम्हीच धरा."

"माणूस कशाला? मी स्वतः येतो! बघूच किती मरतात ते!"

"पंधरा दिवस?"

"पंधरा दिवस!"

थेट प्रक्षेपण होतं. आता मागे जायला जागा नव्हती.

ती स्टुडिओच्या पायऱ्या उतरेपर्यंत मोबाइलवर संस्थेच्या गटात निरोप येऊन पडला होता. सुवर्चला यांनी व्यक्तिगत मत मांडलं असून संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही. त्याखाली बत्तीस जणांचे हात जोडलेले. दुपारी पद्मनाभम गारूंचा फोन आला नाही, कचेरीतल्या बाईंचा आला.

"टीशर्ट परत कर. दोन दिलेत तुला."

"धुऊन देऊ की रंगासकट?"

बाईंनी फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीतून संयुक्त मोजणीचा आदेश निघाला. खात्यातर्फे निरीक्षक भानुमती गारू आल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, साडीचा काठ वर खोचून झपाझप चालणाऱ्या. कोंडबाबू पांढरे बूट घालून आला. येल्लाजीनं रंगाचा डबा त्याच्या हातात दिला.

"घ्या बाबू. सांडू नका, बूट हिरवे होतील."

"तूच ना रे तो घासणारा?"

"मीच. आता मारायला तुम्ही आहात. दोघं मिळून धंदा बरा चालेल."

पहिल्या दिवशी चार कासवं मिळाली. कोंडबाबूनं नाक दाबून चार पट्टे ओढले, तेही वाकडे. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी एक, चौथ्या दिवशी एक. सुवर्चलानं प्रत्येकाची कुजण्याची पायरी लिहिली. नऊच्या नऊ आठवडाभरापूर्वी मेलेली. कातडी सुटलेली, डोळे गेलेले. समुद्र मेलेलं लगेच देत नाही, थोडे दिवस ठेवून घेतो. ताजं त्यांत एकही नव्हतं.

पाचव्या दिवशी शून्य. सहाव्या दिवशी शून्य.

सातव्या दिवशी वाळूत कासवाच्या चालीची ताजी वाट दिसली, पाण्यातून वर येऊन परत पाण्यात गेलेली. मधे अंड्यांचा खड्डा झाकलेला.

"हे काय?" कोंडबाबूनं विचारलं.

"जिवंत आहे," येल्लाजी म्हणाला. "त्याला रंग लावत नाहीत."

त्या संध्याकाळी सुवर्चला म्हाताऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसली. समुद्र काळा होत गेला आणि जिथं दिवे दिसायचे तिथं काहीच दिसेना. फार लांब, क्षितिजाशी, काही ठिपके होते.

"सगळ्या मालकांना निरोप गेलाय," येल्लाजी म्हणाला. "मोजणी संपेपर्यंत आत यायचं नाही. एक कासव मेलं तर संघटनेची अब्रू जाईल म्हणे. माझा जावई आहे ना एका बोटीवर, त्यानं सांगितलं. डिझेल जास्त जातंय म्हणून शिव्या देतोय."

दोन हंगाम सुवर्चलानं अर्ज केले, मुलाखती दिल्या, समुद्राला आई म्हटलं, आणि एकही दिवा इंचभर सरकला नव्हता. आता सगळे सरकले होते, कशासाठी, तर तिला खोटं पाडायला. कासवांना वाचवायचं या लोकांच्या मनात चुकूनही आलं नव्हतं. त्यांना फक्त आकडा मारायचा होता. आणि आकडा मारायला कासवं जगवण्यावाचून त्यांना दुसरी वाट उरली नव्हती.

"ताता, यांना कळत नाहीये का हे काय सिद्ध करतायत?"

"कळायला थांबून विचार करायला लागतो. त्यांना बोलायचं असतं." म्हाताऱ्यानं तिच्याकडे तिरकं पाहिलं. "तू सांगणार असशील त्यांना. प्रवक्ती ना तू."

पंधराव्या दिवशी वाहिनीची गाडी वाळूपर्यंत आली. कोंडबाबूनं बूट पुसून घेतले होते. तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्यानं मागची वाळू दाखवली.

"बघा! अकरा दिवस झाले, एकही मेलेलं कासव नाही! कुठे गेली ती दोनशे-तीनशे? मी स्वतः चाललोय, माझ्या हातात ब्रश होता! शून्य! हीच बोटवाल्यांची निर्दोषता!"

वार्ताहर सुवर्चलाकडे वळला. "मॅडम, आता काय म्हणायचंय?"

वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. तुम्ही बाहेर गेलात म्हणून ती जगली. एवढंच. वहीत चौदा आठवड्यांचे आकडे होते आणि त्यांच्यापुढे ही अकरा शून्यं. यापेक्षा स्वच्छ पुरावा तिला कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला नसता. बोलली असती तर आजचा दिवस तिचा होता. दोनशे चौदाचा कलंक धुऊन निघाला असता, पद्मनाभम गारूंना इडली गिळवली नसती. आणि कोंडबाबू इतकाही मठ्ठ नव्हता. पाच सेकंदांत त्याला कळलं असतं, आणि आज अंधार पडायच्या आत सगळे दिवे वस्तीसमोर परत लागले असते. अंडी घालायचा हंगाम अजून महिना-दीड महिना होता.

तिनं चेहरा आंबट केला. हॉटेलातल्या दोन दिवसांत हे कोणी शिकवलं नव्हतं, पण जमलं.

"पंधरा दिवसांच्या मोजणीनं माझं समाधान झालेलं नाही," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. "मार्चअखेरपर्यंत मोजा, रोज मोजा, मग निर्दोषतेचं बोला. पण तेवढी तयारी यांची नसणार."

"नसणार?" कोंडबाबू पुढे आला. "अगं मार्च काय घेऊन बसलीस, पंधरा एप्रिलपर्यंत मोज! माझी संघटना रोज माणूस देईल! लिहून घ्या मॅडम, लिहून घ्या!"

भानुमती गारूंनी लिहून घेतलं. मग कागद त्याच्यापुढे धरला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. पंधरा एप्रिलला तर पूर्व किनाऱ्यावर मासेमारीबंदीच सुरू होते. तिथून पुढे दोन महिने कोणाचीच यांत्रिक बोट पाण्यात जात नाही. कोंडबाबूनं दोन पेनांतलं चांगलं पेन काढून सही केली. भानुमती गारूंनी कागदाची घडी घातली आणि पहिल्यांदाच सुवर्चलाकडे नीट पाहिलं. हसल्या नाहीत. साडीचा काठ पुन्हा वर खोचला.

"उद्या साडेपाचला," त्या म्हणाल्या. "उशीर नको."

संध्याकाळी वाहिनीवर बातमी होती: कासवप्रेमी तोंडघशी, किनाऱ्यावर शून्य मृत्यू. सुवर्चलाचा आंबट चेहरा चार वेळा दाखवला. त्यानंतर नीलतीरमची नवी प्रवक्ती आली, निळ्या टीशर्टमध्ये, नीट विंचरलेली. तिनं सांगितलं की समुद्र आपली आई आहे. पुढचा मुद्दा बहुधा काढून टाकला होता, कारण ती थेट प्लास्टिकवर गेली.

सुवर्चलानं टीव्ही बंद केला. आईनं विचारलं, "एवढं बोलतायत तुला, तू काहीच कसं बोलली नाहीस?"

"एप्रिलात बोलेन," ती म्हणाली आणि वही काढून आजचं शून्य लिहिलं.

पहाटे येल्लाजी डबा घेऊन आला तेव्हा रंगावर जाड साय धरली होती. त्यानं काडीनं ती फोडायचा प्रयत्न केला, ब्रश आपटून पाहिला. ब्रश लाकडासारखा झाला होता.

"हा रंग गेला पोरी. नवा आणायचा, की नको?"

"राहू दे," सुवर्चला म्हणाली. "डबा मात्र रोज घ्यायचा. कोंडबाबूंना दिसला पाहिजे."

दूरवर पांढरे बूट वाळू तुडवत येत होते, वेळेच्या पाच मिनिटं आधीच.